पाच गळांची दोरी

इंगोल्फ काकांनी लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात घालून आणला होता. इस्त्री केलेला अभ्रा, कडेला निळ्या धाग्याची वेलबुट्टी. टेबलावर तो त्यांनी इतक्या अलगद ठेवला की मला वाटलं आत अंडी आहेत.

“उन्नी,” ते म्हणाले, “पुढच्या गुरुवारी मी ट्रॉम्सोच्या हॉस्पिटलात जातोय. छाती उघडून हृदयाची झडप बदलणार आहेत. त्याच्या आत हे यंत्र असं करून दे, की हिला एकटीला चालवता आलं पाहिजे.”

ही म्हणजे गुनवर मावशी. ती खिडकीपाशी हातमोजा विणत बसली होती, आमच्याकडे पाठ करून.

“तिला काही चालवायचं नाहीये,” मावशी खिडकीला म्हणाली.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी आमच्या वाचनालयात कॉम्प्युटरचा तास असतो. तास म्हणायचं, कारण दारावर तसं लिहिलंय. खरं तर तिथं कॉफी असते आणि मी असते. मला हे कोणी शिकवलेलं नाही. माशांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी चव्वेचाळीसची होते. घरी एक जुना कॉम्प्युटर होता आणि वेळ तर रग्गड होता. दाबत गेले, बिघडवत गेले, निस्तरत गेले. आता लोकांना वाटतं मला सगळं येतं. त्यांचा गैरसमज मी दूर करत नाही, कारण तो दूर केला तर ते कोणाकडे जाणार?

ही दोघं तेर्नयाची. तेर्नया म्हणजे आमच्या बेटापासून बोटीनं वीस मिनिटांवरचं छोटं बेट. अकरा घरं, त्यातल्या चारांतून धूर निघतो. तिथं बोट आपणहून थांबत नाही. जायचं असेल तर निदान दोन तास आधी कळवावं लागतं. नाही कळवलं तर ती बेटाला वळसा घालून भोंगासुद्धा न वाजवता निघून जाते. पूर्वी एक फोन केला की भागायचं. आता शनिवार-रविवारी फोन कोणी उचलत नाही, कॉम्प्युटरवरूनच सांगायचं. एकुलता मुलगा स्टाइनर जहाजावर, वर्षातले आठ महिने ब्राझीलच्या बाजूला. आणि मावशीला काकांबरोबर जाता येण्यासारखं नव्हतं. गोठ्यात अकरा मेंढ्या, सगळ्या गाभण.

“समजा रविवारी काही झालं,” काका म्हणाले. “हिला यायचं झालं, तर ही धक्क्यावर उभी राहून हात हलवणार काय?”

“पूर्वी हलवायचोच की,” खिडकी म्हणाली.

मी लॅपटॉप उघडला आणि काका कसे वापरतात ते आधी बघितलं. त्यांना कुठल्याही साईटवर जायची एकच वाट ठाऊक होती. शोधायच्या चौकटीत एका बोटानं नाव लिहायचं आणि जे पहिलं येईल ते दाबायचं. पहिली बहुतेक वेळा जाहिरात असते. हवामान बघायला निघालेले काका अशानं दोनदा स्पेनच्या हॉटेलात पोचले होते, आणि एकदा बर्फ उडवायचं मशीन जवळजवळ घेऊनच बसले होते.

“ते मशीन वाईट नव्हतं,” ते म्हणाले.

“छातीची झडप गेलीय आणि याला बर्फ उडवायचाय.”

“काका, ही खालची पट्टी बघा,” मी म्हटलं. “रोजच्या लागणाऱ्या साईटी आपण हिच्यावर ठेवून देऊ. नाव लिहायला नको, शोधायला नको. चित्र दाबलं की साईट उघडली.”

पडद्याच्या तळाशी जी पट्टी असते, तिला नॉर्वेजियनमध्ये ‘कामाची लाईन’ म्हणतात. लाईन म्हटल्याबरोबर काका पुढे सरकून बसले. त्यांचं आयुष्य लाईनवर गेलेलं. आमच्याकडे लाईन म्हणजे एकच, शेकडो गळ टांगलेली ती लांब दोरी.

त्या पट्टीवर आधीपासून बरीच चित्रं होती. काकांनी कधी हात न लावलेली दुकानं, खेळ, फायलींची कसली कसली कपाटं. मी एकेक उपटून काढली. मग बोटीचं पान उघडलं, कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले, आणि त्यातून खाली खाली जात हवी ती ओळ सापडल्यावर सवयीनं मोठ्यानं वाचली. त्या ओळीतला पहिला शब्द ‘फेस्ट’. अर्थ साधा, घट्ट अडकव. ‘कामाच्या लाईनला अडकव.’ पण फेस्ट म्हणजे मेजवानीही. लग्नाची फेस्ट, बारशाची फेस्ट, अक्षरं तीच.

सुया थांबल्या. “कसली फेस्ट? कोणाकडे?”

“लाईनकडे,” मी म्हटलं. “कामाच्या लाईनला मेजवानी आहे.”

“आणि आम्हाला बोलावणं नाही,” मावशी म्हणाली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसणं. पण तेवढ्यात काका म्हणाले, “फेस्ट मी परत आल्यावर,” आणि ती पुन्हा खिडकीकडे वळली.

आम्ही पाच गोष्टी अडकवल्या. पहिली बोट. दुसरं हवामान. तिसरा जहाजांचा नकाशा, ज्यावर स्टाइनरचं जहाज म्हणजे एक हिरवा बाण, रोज सकाळी तो बघून काका स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचे, “स्टाइनर वळला!” किंवा “स्टाइनर उभाय!” मुलाची खुशाली मावशीला एवढीच कळायची आणि तेवढी तिला पुरायची. चौथं वर्तमानपत्राचं ते पान, ज्यावर जिल्ह्यात कोण गेलं ते छापतात. आमच्याकडे सत्तरीपुढची माणसं आधी ते वाचतात, मग पहिलं पान. आणि पाचवं एक पान, ज्यात रोज अकरा वाजता काका स्वतः दिसणार होते. ‘आत या’ एवढं एकच बटण दाबायचं, की ट्रॉम्सोहून त्यांचा चेहरा. हॉस्पिटलात न्यायला त्यांनी एक टॅबलेट घेतला होता.

काकांनी खिशातून औषधाची पांढरी चिकटपट्टी काढली, पडद्याखाली लावली आणि तिच्यावर जाड पेनानं लिहिलं: १ बोट, २ हवा, ३ स्टाइनर, ४ गेलेले, ५ मी.

“चारच्या शेजारी पाच ठेवलास,” मावशी म्हणाली. “जागा बरी शोधलीस.”

मग तिला खुर्चीत बसवलं. आणि तिला एक म्हणून काही जमलं नाही.

माउस तिच्या हातात साबणासारखा निसटायचा. बोटीवर जायचं तर हवामान उघडायचं, हवामानावर जायचं तर काहीच नाही. निळी चित्रं तीन होती, ती तिला सारखीच दिसत होती. अर्ध्या तासानं काकांचा चेहरा लाल झाला.

“अगं बाई, लक्ष तरी दे!”

“देतेय.”

“कुठे देतेस? तू छताकडे बघतेस.”

“छतावर ओल आलीय,” मावशी म्हणाली.

शुक्रवारी तोच प्रकार. काका वैतागून दुकानात बॅटरीचे सेल आणायला निघून गेले, त्यांना सेलची काहीच गरज नव्हती, आणि आम्ही दोघी उरलो. मावशीनं विणकाम काढलं. दोन रंगांचा हातमोजा, पाठीवर आठ पाकळ्यांचं फूल, समोर कागद नाही, टाके मोजणं नाही. बोटं वाकलेली होती पण चुकत नव्हती. ती बोटं कशानं वाकली ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. पुरुषांनी पहाटे समुद्रात सोडायच्या दोऱ्या बायकांनी आदल्या दिवशी तयार करायच्या. बिनशेगडीच्या शेडमध्ये उभं राहायचं, अर्धवट गोठलेल्या बांगड्याचे तुकडे एकेका गळाला लावायचे आणि दोरी वेटोळी घालत टबात ठेवायची, प्रत्येक गळ आपापल्या जागी. एक जरी चुकीच्या जागी पडला तर दोरी सुटताना तो कोणाच्या तरी हातात घुसतो. मावशीनं हे तीस वर्षं केलं.

जिला चारशे गळ नीट ठेवता येतात तिला पाच सापडत नाहीत? मी म्हटलं, “मावशी, तू मुद्दाम करतेस.”

तिनं फुलाची पाकळी पुरी केली.

“मी नऊ वर्षांची होते,” मग ती म्हणाली. “वडील हिवाळ्यात मासेमारीला लोफोतनला निघाले होते. आदल्या दिवशी त्यांनी आईला सगळं दाखवलं. किल्ली कुठे, विम्याचा कागद कुठे, बोकड कापायला कोणाला बोलवायचं. त्याआधी कधीच दाखवलं नव्हतं. आईनं सगळं नीट ध्यानात ठेवलं. हुशार होती ती.”

त्या हिवाळ्यात कोण कोण परतलं नाही ते चर्चच्या आवारातल्या दगडावर कोरलेलं आहे. शाळेत जाताना मी रोज वाचायची.

“इंगोल्फला वाटतं मी मठ्ठ आहे. वाटू दे. घरी मठ्ठ बायको आहे म्हटल्यावर माणूस जिवाला जपतो. मी सगळं शिकून बसले, की तो तिकडे निवांत झाला. मग त्याला यायची काय घाई?”

तिच्या बोटांकडे बघत मी म्हटलं, “माउस न धरताही होतं.”

“मी विचारलं नाही.”

“मी कुठे सांगतेय? मी आपली स्वतःशी बोलतेय. कीबोर्डवर खाली डावीकडे चार चौकोनांचं बटण आहे. ते दाबून धरायचं आणि आकडा दाबायचा. डावीकडून पहिला गळ एक, दुसरा दोन. चित्र बघायलाच नको.”

हातमोज्याचा अंगठा आला होता, तो तिनं वेगळ्या धाग्यावर घेतला.

“किती आहेत गळ?”

“पाच.”

“पाच! पाच गळांची दोरी घेऊन आमच्या वेळी कोणी धक्क्यावर आलं असतं तर समुद्रपक्षीसुद्धा हसले असते.”

काका सेल घेऊन आले. मावशी छताकडे बघत होती.

जायच्या दिवशी सकाळी काकांनी मला फोन केला. “उन्नी, खरं सांग. आलं का तिला काही?”

खरं काय ते मलाच ठाऊक नव्हतं. “काका, पाच गळ तिला कमी पडतात,” मी म्हटलं.

ते हसले. मग म्हणाले, “हसवू नकोस गं, दुखतं,” आणि मागे मावशीचा आवाज आला, “मग हसतोस कशाला? चल, मफलर.”

सोमवारी ऑपरेशन झालं. नीट झालं. बुधवारी मी मावशीला फोन केला. आनंदात होती, पण आमच्याकडची माणसं आनंद दाखवतात म्हणजे काय, तर हवेबद्दल जरा जास्त बोलतात.

“मशीन उघडलंस का?” मी विचारलं.

“त्याच्यावर टेबलक्लॉथ घातलाय. वर कुंडी ठेवलीय.”

“अगं, अकरा वाजता काका तिथं वाट बघत बसत असतील!”

“बसेल बसेल,” ती म्हणाली, आणि वाऱ्याची दिशा सांगू लागली.

मला राग आला. तो राग दोनतीन दिवस पुरला. शुक्रवारी मी मुद्दाम फोन केला नाही. शनिवारी माझं मन मला खाऊ लागलं, पण माझा स्वभाव असा की मन खाऊ लागलं की मी खिडक्या पुसते. सगळ्या पुसल्या.

रविवारी मी दुपारच्या बोटीनं पलीकडे मुख्य भूमीच्या किनाऱ्याला निघाले. सोमवारी तिथं वाचनालयांच्या लोकांची बैठक होती. बोटीत आम्ही सातआठ जण. तिकिटं आणि दोरखंड दोन्ही सांभाळणारी हेगे आली, तिनं माझ्या शेजारी टेकून हातातली यादी बघितली आणि वर कप्तानाला ओरडून सांगितलं, “तेर्नयाला थांबायचं! दोन चढणार!”

“दोन?” मी म्हटलं.

“दोन.”

“तेर्नयावरून रविवारी कोण दोन?”

“मला काय माहीत? इथे आकडा आहे, तोंडं नाहीत.”

मला हॉस्पिटलातले काका आठवले. आमच्याकडे मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. कोणी दूर कुठे गेलं, तर हॉस्पिटलवाले आमच्या पाद्रीबाईंना कळवतात, आणि त्या स्वतः येऊन दार वाजवतात. लहानपणापासून आम्ही पाद्री रस्त्यानं चालताना दिसला की कोणत्या फाटकाशी थांबतो ते बघत आलोय. शनिवारच्या बोटीनं पाद्रीबाई तेर्नयाला गेल्या असतील. आणि आज दोघी मिळून निघाल्या असतील. एक आणि एक दोन. आणि मी खिडक्या पुसत होते.

बोट वळली. धक्का दिसू लागला. मी डेकवर जाऊन उभी राहिले. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं, नीट दिसत नव्हतं. एकच आकृती. निळा रविवारचा कोट, डोक्याला रुमाल, हातात बॅग. दुसरं कोणी नाही.

हेगेनं फळी टाकली. “गुनवर! दुसरं कोण?”

“कसलं दुसरं?”

“दोन लिहिलेत तू.”

मावशी फळीवर एक पाय ठेवून थांबली. “दोन लिहिले मी?”

“हे बघ. माणसं, दोन.”

तिनं यादीकडे बघितलं. तिचं तोंड पडलं, तसं मी वाचनालयात एकदाही बघितलं नव्हतं. तिथल्या सगळ्या चुका तिनं ठरवून केलेल्या होत्या. ही तिची स्वतःची होती.

“त्यात विचारलं होतं कितीजण,” ती म्हणाली. “आम्ही दोघंच असतो ना नेहमी. हातानं आपोआप...” मग तिनं बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि मान वर केली. “असू दे. एक आत्ता घे. दुसरा येताना.”

हेगेनं कानामागची पेन्सिल काढली, यादीवर काहीतरी खरडलं आणि म्हणाली, “दुसरा येताना. चढ आता, कप्तान ओरडेल.”

आत आल्यावर मी तिला कॉफी आणून दिली. दोन्ही हातांनी कप धरून ती निम्मा प्याली आणि मग बोलली.

“टेबलक्लॉथ नव्हता गं घातला.”

“मग?”

“पहिल्या दिवसापासून दाबतेय. चौकोन आणि पाच. ऑपरेशनचे दोन दिवस सोडून रोज अकराला. तुला सांगितलं नाही, त्याला पण कोणाला सांगायला बंदी केली. म्हटलं, मी शिकले हे जितक्या कमी लोकांना कळेल तितकं बरं.” ती बाहेर बघू लागली. “काल अकराला दाबला. रिकामी चौकट. मधे माझंच तोंड, भूत बसल्यासारखं. साडेअकरापर्यंत माझं तोंड माझ्याकडे बघत होतं. मग नर्सचा फोन आला, ताप चढलाय, घाबरू नका, औषध चालू आहे. घाबरू नका म्हणे.”

“मग तू मला फोन का नाही केलास?”

“तुला कशाला? तू चिडली होतीस.”

मी तिची बॅग बाकाखाली सरकवली.

“मला वाटलं, माझ्यामुळेच,” ती म्हणाली. “मी शिकले म्हणून. खुळी आहे मी, ठाऊक आहे मला. तशीच बसले त्या यंत्रासमोर. समोर त्याची चिकटपट्टी. चार, गेलेले. म्हटलं, उद्यापासून रोज सकाळी मी या पानावर जाऊन नावं बघत बसणार? ते मला नाही जमायचं. मग काढून टाकला तो गळ.”

“कसा?”

“त्याच्यावर उजवं बटण दाबलं. माउसनंच. ‘सोडव’ असं लिहून आलं. सोडवला. त्या शब्दाला दुसरा अर्थ नाही, बरं झालं.” तिनं कप खाली ठेवला. “पण मधेच जागा रिकामी ठेवून कसं चालेल? मग ट्रॉम्सोचं हवामान शोधलं आणि तिथं नेऊन ठेवलं. त्याच्या खिडकीबाहेर काय पडतंय, एवढं तरी कळावं. तीन ठिपके, खाली खाली, आणि फेस्ट. कळली मला ती फेस्ट काय असते.”

“आणि बोट?”

“रात्रभर बर्फ पडत होता तिकडे. सकाळी शेजारच्याला मेंढ्या दाखवून सोपवल्या, येऊन एक दाबला.” मग जरा हसून, “बाकी दोन लिहिलेले बघून तोसुद्धा म्हणेल, मठ्ठ ती मठ्ठच.”

किनाऱ्याला तिला विमानतळाच्या गाडीत बसवताना मी म्हटलं, “मावशी, तो येईल.” ती म्हणाली, “येईल नाही तर काय. त्याचं तिकीट काढलंय मी.”

ताप पाच दिवस राहिला आणि उतरला. काका गेल्यापासून अठराव्या दिवशी दोघं परत आली. त्या फेरीला हेगेनं मावशीकडून एकाच तिकिटाचे पैसे घेतले. दुसरं आधीच काढलंय म्हणाली.

पुढच्या मंगळवारी काका वाचनालयात आले ते तक्रार घेऊनच. वाळले होते, कोट खांद्यावरून लोंबत होता, पण आवाज तोच. यावेळी लॅपटॉपचा अभ्रा मावशीच्या काखेत होता, आणि तिच्या दुसऱ्या हातात डबा.

“उन्नी, माझी लाईन बिघडवलीय हिनं. चार दाबला की ट्रॉम्सो येतं! मी आठवडाभर कोण गेलं ते वाचलेलं नाही. अर्धी माणसं मेली असतील आणि मला पत्ता नाही.”

“तू नव्हतास त्यात,” मावशी म्हणाली. “मी फोनवर विचारून घेतलं होतं.”

“मला माझं पान परत पाहिजे.”

“मग स्वतः फेस्ट कर. तीन ठिपके, खाली खाली. डोळे आहेत, बोटं आहेत.”

“मला छातीवर जोर द्यायला बंदी आहे.”

“एका बोटानं दाबायचंय, नांगर नाही उचलायचा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कॉफी ओतत होते, मला काही ऐकू आलं नाही.

“एवढं सगळं तुला येतंय,” काका जरा पडेल आवाजात म्हणाले, “तर मला आणायला कशाला आलीस?”

मावशीनं डब्याचं झाकण काढलं. वॅफल, अजून कोमट, त्यावर तपकिरी चीजचे पातळ काप. तिनं एक उचलून त्यांच्या हातात दिलं.

“लाईनला आमिष मी लावलं,” ती म्हणाली. “आयुष्यभर लावलं. ओढायला कोणी नको? खा आता. ही फेस्ट आहे, तू म्हणाला होतास ती.”

एप्रिलमध्ये मी तेर्नयाला गेले होते, कोकरं बघायला. सकाळची वेळ. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा, पडद्याखाली ती चिकटपट्टी. ‘गेलेले’वर काट मारलेली, बाजूला मावशीच्या अक्षरात ‘ट्रॉम्सो’. काकांनी आपलं पान परत अडकवलं होतं, पण सहाव्या जागी. पाचवर ‘मी’, तो ओलांडून सहा कसा दाबायचा म्हणून ते बहुतेक दिवशी तिथं जात नाहीत, असं मावशी म्हणाली. पाचवर आता कोणीच दिसत नाही, तरी तो कोणी काढलेला नव्हता.

काका खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि चौकोन धरून तीन दाबला.

“स्टाइनर वळला!” ते स्वयंपाकघराकडे ओरडले.

“वळू दे,” आतून आवाज.

मग त्यांनी चार दाबला. तिकडे आता त्यांचं कोणी नाही, कामही काही नाही.

“ट्रॉम्सोला बर्फ पडतोय गं!”

आत मावशी पातेल्यात काहीतरी ढवळत होती. तिनं ढवळणं थांबवलं नाही.

“पडू दे,” ती म्हणाली.